चार दिवस फक्त मराठी

१

इराला सकाळी उठवायचं म्हणजे आमच्या घरी रोजचा तमाशा. सहाला पहिली हाक, सव्वासहाला दुसरी, आणि साडेसहाला मी पांघरूण ओढून फेकते तेव्हा आतून आवाज येतो, "ममा, फाइव्ह मोअर मिनिट्स!" पावणेसातला स्कूल बस खाली येते. दुबईत, मनखूलच्या आमच्या गल्लीत ती दोन मिनिटांच्या वर थांबली की मागून हॉर्न सुरू. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडात पोळीचा रोल कोंबायचा, लिफ्टमध्ये वेणी घालायची आणि खाली पोचेपर्यंत बुटाची नाडी बांधायची, हे सगळं मला झोपेतसुद्धा जमतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली तो जानेवारीतला सोमवार. सहाला मी पहिली हाक मारली आणि चहा टाकायला वळले.

"उठले, आई."

मी गॅस पेटवायचा सोडून खोलीत गेले. इरा पलंगावर ताठ बसली होती. हात गुडघ्यांवर. केस एका बाजूला चपटे झालेले नव्हते, डोळ्यांत झोप नव्हती. अंथरुणावर सुरकुती म्हणून नाही.

खरं सांगू? मला आनंद झाला. आमच्या घरांतलं हे जुनं दुखणं आहे. आम्ही मराठीत विचारायचं, पोरांनी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर "बोल गं माझ्याशी, राणी" म्हणून जीव टाकायच्या आणि आमची राणी "हाय आजी, आय ॲम गुड" म्हणून पळून जायची. ती दुबईतच जन्मली. तिला मराठी सगळं कळायचं, पण ते तिच्या ओठांवर कधी यायचं नाही. आणि आता सकाळी सहा वाजता, न सांगता, "उठले, आई."

मी तिची पापी घेतली. बसमध्ये चढताना ती वळून बघते, त्या दिवशी बघितलं नाही. पहिल्या दिवसाची घाई, म्हटलं.

२

याचं श्रेय विद्युल्लताचं, असं तेव्हा सगळे म्हणत होते. विद्युल्लता माझी मैत्रीण, दोन बिल्डिंग सोडून राहते. नवरा चंद्रहास, त्याचा काँट्रॅक्टिंगचा धंदा. मुलगी तनया, अकरा वर्षांची. दर शनिवारी विद्युल्लता तिच्या हॉलमध्ये आमच्या भागातल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेते, एक पैसा न घेता, आणि त्याबद्दल वर्षभर ऐकवते.

डिसेंबरात दोन्ही घरांनी मिळून स्कीइंगला जॉर्जियाला जायचं ठरवलं. सुट्टीत अर्धं दुबई तिकडेच असतं. साडेतीन तासांचं विमान, व्हिसाची कटकट नाही, आणि पोरांना खराखुरा बर्फ. माझा नवरा यतीन महिनाभर आधीपासून यूट्यूबवर बघून हॉलमधल्या गालिच्यावर गुडघे वाकवत होता.

निघायच्या आदल्या शनिवारी विद्युल्लताने नियम काढला. ट्रिपचे चार दिवस फक्त मराठी. मुलांनी इंग्लिशमध्ये काहीही मागितलं तरी आईबापांनी ऐकलंच नाही असं करायचं. हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

"अगं, पोर पडलं बिडलं तर?" यतीन म्हणाला.

"पडली तर 'आई गं' म्हणेल ना," मी म्हणाले. "तेवढं मराठी येतं तिला."

सगळे हसले. मीही हसले. विद्युल्लताने माझ्या पाठीवर थाप मारली, की बघा, आई असावी तर अशी.

३

तिसरा दिवस, दुपारचे बारा. पुरुष दोघे मोठ्या लिफ्टने वर गेले होते. विद्युल्लता कॉफी आणायला टपरीत. तनया आणि इरा लहान मुलांच्या उतारावर, आणि मी खाली कुंपणाशी उभी, पायांची बोटं बधिर. तिथे एक सरकता पट्टा असतो. मुलं त्यावर उभी राहून वर जातात आणि घसरत खाली येतात. इरा पट्ट्यावरून वर गेलेली मी बघितली. गुलाबी हेल्मेट, भाड्याचं निळं जॅकेट.

मग धुकं आलं. आलं म्हणजे दोन मिनिटांत माझे हातमोजे मला दिसेनात. स्की शिकवणाऱ्या शिक्षकांच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या.

"ममा!"

वरून, उजवीकडून. इराचाच आवाज. मी तोंड उघडलं होतं. पण आदल्या रात्री जेवताना विद्युल्लता सगळ्यांदेखत मला बोलली होती, "अनुराधा, तूच नियम मोडतेस, मग पोर कशाला बोलेल?" ते मला झोंबलं होतं. मी तोंड मिटलं.

"ममा, आय कान्ट सी यू!"

उतारावर शिट्ट्या होत्या, माणसं होती, शिक्षक होते. काय होणार होतं? मी मफलरमध्ये स्वतःशीच पुटपुटले, "ओरड किती ओरडायचंय ते. 'आई' म्हण, मग देते ओ."

"मम्मा, प्लीज!"

ते प्लीज ऐकूनही मी गप्प बसले. हे मी आजवर यतीनलाही सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं की मी सारखी हाका मारत होते.

मग हाका थांबल्या. चार मिनिटं, फार तर पाच. रुसली, म्हटलं. आणि मग डावीकडून, अगदी जवळून, शांतपणे, "आई, मी इथे आहे."

"ये गं माझी सोनी!" मी ओरडले. धुक्यातून गुलाबी हेल्मेट आलं, निळं जॅकेट आलं. गॉगल काढला तर इरा. दुसरं कोण असणार? मी तिला कवटाळलं, हॉट चॉकलेट पाजलं, विद्युल्लताला हाक मारून मारून सांगितलं की बोलली, बोलली एकदाची!

डावीकडे उतार नव्हताच, नुसतं कुंपण आणि त्यापलीकडे झाडं होती, हे मला परतीच्या विमानात आठवलं. धुक्यात दिशा कळत नाहीत, असं म्हणून मी डोळे मिटले.

४

पहिला आठवडा कौतुकात गेला. सासूबाई फोनवर रडल्या. "आजी, बरी आहेस ना?" एवढं इराने विचारलं, तेवढ्यावर त्यांनी शेजारपाजारी पेढे वाटले. यतीन ऑफिसमध्ये सांगत सुटला. मी शारजाला मसाल्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. तिथल्या आमच्या सुमैय्याला मी लंचमध्ये सांगितलं तर ती म्हणाली, "माशाल्ला मॅडम, मेरे बच्चे तो उर्दू भी अंग्रेजी में बोलते हैं."

गुरुवारी शाळेच्या ॲपवर टीचरचा मेसेज आला. इरा वर्गात अजिबात बोलत नाही. प्रश्न विचारला तर बघत राहते. घरी सगळं ठीक आहे ना?

मी इराला जवळ घेऊन विचारलं, "टीचर विचारतात त्याचं उत्तर का देत नाहीस?"

"नको आता, पुरे," ती म्हणाली.

"इंग्लिशमध्ये बोल की शाळेत. तिथे कुठे नियम आहे?"

"बरं, आई."

मी म्हणाले, "से समथिंग इन इंग्लिश, बेटा." मला स्वतःचंच हसू आलं, काय वेळ आली माझ्यावर. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "किती वेळ लावतेस गं!"

ते वाक्य माझं होतं. ठेक्यासकट माझं. मुलं आईबापांचं उचलतात, त्यात काय. पण मी उठले आणि उगाचच ओटा पुसला, पुसलेला होता तरी.

त्याच संध्याकाळी तनया शनिवारच्या वर्गाच्या वह्या द्यायला आली. दाराबाहेरच उभी राहिली. आत ये म्हटलं तर मान हलवली. हॉलमध्ये इरा सोफ्यावर बसलेली तिला दिसत होती.

"आँटी," ती हळूच म्हणाली, "व्हेन इज इरा कमिंग बॅक?"

"अगं, ही काय समोर बसलीय!"

"नो. आय मीन इरा." तिने खाली बघितलं. "दॅट वन इज डूइंग मी. शी इज यूझिंग माय व्हॉइस."

वह्या माझ्या हातात देऊन ती जिन्याने पळाली. लिफ्ट उघडी होती तरी. अकरा वर्षांची पोर, मत्सर वाटत असेल, म्हटलं. इतके दिवस वर्गात सगळ्यात चांगली मराठी तिचीच होती.

दार लावून वळले. इरा माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

५

शनिवारी विद्युल्लताच्या हॉलमध्ये आठ मुलं आणि आम्ही चार आया. खिडकीतून भक्क ऊन आलेलं, एसीची घरघर, पोह्यांचा वास. कुठे काही वावगं नाही. विद्युल्लताने इराला पुढे उभं केलं. "आता आपली इरा बर्फातल्या गमती सांगणार. टाळ्या!"

इरा हात बाजूला सोडून उभी राहिली आणि बोलायला लागली.

"अरे यतीन, गुडघे गेले रे माझे!" चंद्रहासचा आवाज. अगदी चंद्रहास. आया फिस्सकन हसल्या.

"पाय फाकव, तनू, पाय फाकव, पडशील!" ही विद्युल्लता. तिनेच पहिली टाळी वाजवली. "कसल्या नकला करते गं ही!"

"उठलीस का?" आणि लगेच बारीक आवाजात, "उठले, आई." हा तनयाचा आवाज. तनया भिंतीकडे तोंड करून बसली.

"चला, चला, यल्ला, आवरा." "तहान लागली." "नीट धर गं." "बरं, आई." "मी इथे आहे." एकामागून एक. मुलं लोळून हसत होती. मीही हसत होते, कारण सगळे हसत होते.

मग ती माझ्याकडे वळली. मान किंचित खाली घातली, हनुवटी मफलरमध्ये खुपसावी तशी, आणि दबक्या आवाजात म्हणाली,

"ओरड किती ओरडायचंय ते. 'आई' म्हण, मग देते ओ."

माझा आवाज. माझा राग. शेवटच्या शब्दापाशी दातांवर दात आले होते ते सुद्धा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. धुक्यात त्या वेळी माझ्यापासून दहा पावलांत कोणी नव्हतं. मला स्वतःला जेमतेम ऐकू आलं होतं ते वाक्य. इरा वर होती, उजवीकडे, शंभर पावलांवर, आणि मला हाका मारत होती.

६

माझ्या कामात एक सवय लागते. माल परत आला की आधी आरडाओरडा करायचा नाही, आधी तपासायचं. मी तपासलं. आंघोळ घालताना गुडघ्यावरचा व्रण बघितला, होता. दंडावरची लसीची खूण होती. डाव्या कानाचं छिद्र जरा खाली टोचलेलं, तेही तसंच. वजन तेवढंच, उंची तेवढीच. कोणत्याही डॉक्टरने ही इराच म्हणून सही केली असती.

मग मी कागद घेतला आणि ती परत आल्यापासून बोललेली वाक्यं लिहून काढली. एकतीस भरली. प्रत्येकापुढे लिहिलं, हे आधी कोण बोललं होतं आणि कुठे. "पुरे" विद्युल्लता, उतारावर. "भूक लागली" तनया, उतारावर. "उठले, आई" तनया, पडून उठताना, उतारावर. "बरी आहेस ना?" मी विचारलं होतं, तनया आपटली तेव्हा, उतारावर. हॉटेलमधलं एक वाक्य नाही. जेवणाच्या टेबलावरचं नाही. दुबईतलं नाही. सगळी एकतीस त्या एका उतारावर बोललेली. फक्त "आजी" हा शब्द तिला यतीनने फोन धरून पढवला होता.

म्हणजे धुक्याच्या आधीपासून कुणीतरी तिथे ऐकत बसलं होतं.

मी तो कागद यतीनपुढे ठेवला. रविवार दुपार, तो मॅच बघत होता. त्याने शेवटपर्यंत वाचला, हे त्याचं मोठेपण.

"अनु, तुला नक्की काय हवंय?" तो म्हणाला. "नऊ वर्षं रडलीस की पोर मराठी बोलत नाही. आता बोलते तर यादी करतेस! चार दिवस कानावर पडलं तेच बोलणार ना ती? भाषा अशीच येते माणसाला."

"आणि इंग्लिश कुठे गेलं?"

"हट्ट. तुमच्याच नियमाचा. तुम्ही शिकवलंत की इंग्लिश बोललं की आई ओ देत नाही." त्याने कागदाची घडी घातली. "घाबरलीय ती. तू तरी जरा प्रेमाने वाग तिच्याशी."

मला रडू फुटलं. कारण तो सांगत होता ते अगदी बरोबर होतं, आणि तरी माझी मुलगी घरात नव्हती.

७

सोमवारी मी कारखान्याच्या गोदामातून त्या स्की रिसॉर्टला फोन लावला. एक बाई मोडक्या इंग्लिशमध्ये गोड बोलली. नाही मॅडम, एकही मूल हरवलेलं नाही. रोज संध्याकाळी उतार रिकामा करतो, तपासतो. तुमची मुलगी तुमच्याजवळ आहे ना? हो, मी म्हणाले. मग झालं तर, ती म्हणाली.

तिच्या आवाजाच्या मागे मोकळ्या हवेचा आवाज होता, संगीत होतं, आणि खूप लांबून एक मूल ओरडत होतं. "ममा!" थोडं थांबून पुन्हा, "ममा!"

मुलांच्या उतारावर मुलं ममा म्हणून ओरडणारच. जगातली निम्मी मुलं आईला ममा म्हणतात. हे मी स्वतःला जिऱ्याच्या पोत्यांमध्ये उभी राहून मोठ्याने सांगितलं. सुमैय्याने काचेतून बघितलं आणि पाण्याची बाटली आणून दिली.

त्यांच्या वेबसाइटवर उतारावरचा कॅमेरा आहे. बर्फ किती आहे ते लोकांना कळावं म्हणून. दर मिनिटाला नवं चित्र येतं. तिथली आणि आपली वेळ एकच. मी लंचला फोन उघडला, बाराला. पट्टा, कुंपण, रंगीबेरंगी ठिपके. मिनिटाने सगळे ठिपके हललेले.

एक सोडून. उताराच्या अगदी वर, उजवीकडे, खाली निळं आणि वर गुलाबी.

दुसरं मिनिट. तिसरं. सगळे घसरत होते, पडत होते, पट्ट्यावर रांगा लावत होते. तो ठिपका तसाच. कोणी त्याच्याजवळ जात नव्हतं. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून जात होती, पण थांबत कोणी नव्हतं.

मी जेवले नाही. मंगळवारी पुन्हा बघितलं. बुधवारी पुन्हा. मला बसवेना, उभं राहवेना, हातात बरणी घेतली की ठेवावीशी वाटे. बुधवारी तो ठिपका सोमवारपेक्षा खाली होता. थोडासाच.

यतीनला दाखवलं. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. "खांब आहे गं. पॅड गुंडाळलेला. पोरं आपटू नयेत म्हणून लावतात."

"खांब खाली सरकतो?"

"स्क्रीनशॉट दाखव."

मी काढले होते. त्यांत नुसता गुलाबी डाग दिसत होता, खांब म्हटलं तर खांब. यतीनने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो इतका दमलेला दिसत होता की मी वाद घातला नाही. त्याला सांगितलं, शनिवारी कामासाठी लांब रुवैस गावाला कँटीन ऑडिट आहे, रात्री तिथेच राहावं लागेल. आणि जॉर्जियाचं तिकीट काढलं.

८

शनिवार, सकाळचे साडेदहा. दोनचं विमान शारजाहून. यतीन खाली भाजी आणायला गेला होता, विद्युल्लता अकराला इराला वर्गाला न्यायला येणार होती. माझी छोटी बॅग दाराशी होती. आत माझे दोन कपडे आणि इराचा जाड स्वेटर, कानटोपी, चॉकलेटचं पाकीट. तिथे जाऊन काय करणार हे मी ठरवलं नव्हतं. उतारावर चढून जायचं आणि जिथे ती उभी आहे तिथे पोचेपर्यंत थांबायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. तिला सॉरी म्हणायचं होतं. तिच्या भाषेत.

मी बूट घालत होते. इरा खोलीतून बाहेर आली. वर्गाचा फ्रॉक घातलेला, वेणी मीच घातलेली. ती बॅगेजवळ जाऊन उभी राहिली. तिने बॅग उघडली नव्हती. स्वेटर वर दिसतही नव्हता.

"आई," ती म्हणाली.

मी नाडी बांधत राहिले.

"आई, ती आली तर मी कुठे जाऊ?"

माझे हात थांबले. मी डोक्यातली यादी वरपासून खालपर्यंत बघितली. हे कोण बोललं होतं? कुठे? विद्युल्लता नाही, तनया नाही, मी नाही. त्या उतारावर असं कोणीच काही बोललं नव्हतं. आवाजही कुणाचा नव्हता. तनयाचा नाही, माझा नाही, इराचा तर नाहीच. बारीक, जरासा घोगरा, पहिल्यांदाच वापरलेला.

मी वर बघितलं. तिचा खालचा ओठ थरथरत होता. तीन आठवड्यांत ती रडली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शॉवरचं पाणी गरम आलं तरी नाही, केस ओढले गेले तरी नाही. आता डोळे भरून आले होते आणि ते पुसायचे असतात हे तिला माहीत नव्हतं.

ती कोण आहे ते मला माहीत नाही. पण ती घाबरली होती. घाबरलेलं पोर मला ओळखता येतं. धुक्यात माझी इरा अशीच दिसत असणार.

फोन वाजला. टॅक्सीवाला. "मॅडम, मैं नीचे खड़ा हूँ, यल्ला, पीछे से गाड़ी आ रही है."

तिने माझा हात धरला नाही. नुसती उभी राहिली. धरला असता तर कदाचित मी झटकला असता.

"भैया, खलास," मी फोनमध्ये म्हणाले. "नहीं जाना." आणि तिला जवळ ओढून तिचे डोळे पुसले. "कुठे नाही जायचं तू. मी आहे ना."

तिकीट मी पुढच्या शनिवारचं करून घेतलं. मग त्याच्या पुढच्या. आज मार्चची अकरा तारीख आहे. ती आता बरंच स्वतःचं बोलते. परवा म्हणाली, आई, तुझ्या हाताला जिऱ्याचा वास येतो, मला आवडतो. शाळेत थोडं थोडं इंग्लिशही बोलायला लागली आहे, टीचर खूश आहेत. तनया आमच्याकडे येत नाही. यतीन म्हणतो, बघ, मी सांगितलं नव्हतं? आणि मला मिठी मारतो.

बर्फ तिथे एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकतो, असं वेबसाइटवर लिहिलंय. कॅमेरा मी रोज बाराला बघते. उतारावरची ती आता अगदी खाली आली आहे, कुंपणाला चिकटून, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. तोंड वर केलेलं आहे. चित्रावर दोन बोटं ठेवून मोठं केलं तर चेहरा ओळखता येईल इतकी जवळ. बोटं तिथे जाऊ नयेत म्हणून पुढचं चित्र येईपर्यंत मी दोन्ही हात टेबलाखाली धरून बसते.